पुस्तकात नसलेली आखणीवाली

नलूताईंना 'तुम्ही जरा मागे राहा' असं म्हणायची सोय नव्हती. एकदा जोह्याच्या स्टॉपवर पेणची गाडी आली, गर्दी उसळली, आणि एका भल्या माणसाने काळजीने सांगितलं, "मावशी, मागे राहा, धक्का लागेल." नलूताई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "मला लागंल का मी तुला लावीन, ते आता बघू." आणि सगळ्यांच्या आधी चढून खिडकी धरून बसल्या. वर त्याच माणसाला हाक मारून शेजारी बसवून घेतलं आणि पेण येईपर्यंत त्याच्या बायकोच्या गुडघेदुखीवर उपाय सांगितले.

अशी बाई. बुटकी, रुंद खांद्यांची, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली आणि अंबाड्यात कायम एक बारीक ब्रश खोचलेला. साठी ओलांडली होती. नवरा, बापू, जाऊन बरीच वर्षं झालेली. जोह्याचा गणपतीचा कारखाना त्या आणि मुलगा महेश मिळून चालवायचे. मी त्या कारखान्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. लॉकडाऊनमध्ये कंपनीने घरून काम करायला सांगितलं, ते पुढेही तसंच चालू राहिलं. पेणला भावाच्या घरात मीटिंग सुरू झाली की कुकरच्या शिट्ट्या आणि भाच्यांची मारामारी, म्हणून मी ही खोली घेतली. शांतता मिळेल म्हणून घेतली! खाली दिवसभर पॉलिश पेपरची खसखस आणि वर ऐकू येणारा नलूताईंचा आवाज. शांतता काही मिळाली नाही, पण ते बरंच झालं.

नलूताई आखणी करायच्या. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासून गुळगुळीत होते, अंगाला रंग लागतो, आणि सगळ्यात शेवटी डोळे काढतात. ती आखणी. बाकीची कामं कारखान्यात हाताला हात लावून होतात, आखणी मात्र एकाच माणसाची. डोळे येईपर्यंत नलूताई मूर्तीला 'माती' म्हणायच्या. "ती माती जरा सरकव गो," असं बिनधास्त म्हणणार. डोळे आले की मात्र तिच्याकडे पाठ करून बसायच्या नाहीत.

मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षीपासून त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. पेणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी थोडा फरक पडला, मग तोही पडेनासा झाला. त्याच वर्षी रोह्याच्या एका घराने चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती बघितली आणि नेली नाही. डोळे एकसारखे नव्हते. महेशने हात जोडले, त्यांना तयार मूर्तींतली दुसरी दिली. ते ती घेऊन गेले, आणि आपला पाट तिथेच सोडून गेले.

पाट म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे प्रत्येक घर गणपतीच्या आधी आपला पाट कारखान्यात आणून देतं. पाठीमागे खडूने नाव. त्या पाटाच्या मापाने, त्या पाटावर त्या घराची मूर्ती बसते. दरवर्षी तोच पाट. काही घरं मुंबईला जातात, काही बंद पडतात, आणि त्यांचे पाट कारखान्यात राहून जातात. नलूताईंच्या कारखान्यात मागच्या भिंतीला असे पाट रचून ठेवले होते. त्या रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ झटकायच्या. रोह्याचा पाट सगळ्यात वर होता.

त्यानंतर महेशने एकच धोशा लावला. "आई, तू आता गल्ल्यावर बस." आणि नलूताईंना मरेपर्यंत आखणी करायची होती. सगळं भांडण एवढंच होतं. महेश वाईट मुलगा नव्हता, हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा राग येईल. मलाही यायचा.

हात कापतो म्हणून कुणी चहा अर्धा कप दिला की नलूताई कप परत सरकवायच्या. "भरून दे. सांडला तर मी पुसीन." सांडायचाच. त्या पदराने पुसायच्या आणि पुढचा कपही भरूनच मागायच्या.

आता खेळाकडे येते.

पुण्याला असताना आम्ही मित्रमंडळी रविवारी एक खेळ खेळायचो. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर नदी आली, राक्षस आला, बंद दार आलं, की आपापल्या माणसाने काय केलं ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. फासा वीस बाजूंचा. त्यातला एक फासा माझ्या पिशवीतून जिन्यावर पडला आणि घरंगळत नलूताईंच्या पायाशी गेला. त्यांनी उचलून उजेडात धरला.

"हा कसला मणी गो? मुकुटात बसवायचा तर भोक कुठंय?"

मणी नाही, फासा आहे, असं सांगितलं. मग कसला फासा, कसला खेळ, हे सगळं सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मी पायजे ती होणार, आणि कुणी मधे बोलायचं नाय?"

"फासा बोलतो मधे."

"फाशाचं ऐकीन. माणसांचं ऐकून कंटाळा आला."

विसर्जनानंतर कारखान्यात कामाला जरा उसंत असते. तेव्हा रविवारी दुपारी आम्ही चौघं बसलो. मी गोष्ट सांगणारी. नलूताई. साच्यात माती भरणारी सगुणा, जिचं माहेर खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. आणि राजाभाऊ, कासू गावचा, जो आपल्या टेम्पोतून मूर्ती पोचवायचा. मध्ये परात ठेवली, फासे टाकायला. मी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि मराठीत सांगायला लागले, की प्रत्येकाने आधी आपला क्लास निवडायचा. योद्धा, जादूगार, चोर, उपचार करणारा. प्रत्येकाला काय येतं आणि काय येत नाही, ते ठरलेलं असतं.

नलूताईंनी चष्मा वर केला. "म्हणजे कामं वाटून दिलेली. योद्ध्यानं मंत्र म्हणायचा नाय, मंत्रवाल्यानं तलवार धरायची नाय."

"साधारण तसंच."

"मास्तरीण, हे आमाला नवीन नाय. आमच्याकडं हे जन्मल्या जन्मल्या वाटून देतात. ह्यासाठी पुण्यातनं पुस्तक कशाला आणायला पायजे होतं?"

सगुणा खो खो हसली. मला हसू येईना. त्या दिवसापासून मी त्यांची 'मास्तरीण' झाले, ती शेवटपर्यंत.

त्यांना आखणीवाली व्हायचं होतं. पुस्तकात आखणीवाली नव्हती. मी सुचवलं, जादूगार घ्या आणि तिला चित्रकार म्हणा. त्या म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्याच्या साच्यातनं काढून वर माझा रंग मारायचा? नाय." उठल्या, मागच्या भिंतीकडे गेल्या आणि बेवारस पाट घेऊन आल्या. प्रत्येकासमोर एकेक ठेवला. रोह्याचा स्वतःसमोर. खडू दिला. "आधी पाट. तू कोण, तुला काय येतं, काय येत नाय, ते ह्याच्यावर लिही. मग पाटाच्या मापानं मूर्ती. पुस्तक राहू दे बाजूला."

सगुणाने लिहिलं, मीठवाली. ओलं असेल ते वाळवते, वाळलेलं असेल ते टिकवते. राजाभाऊने मात्र हट्टाने 'योद्धा' लिहिलं आणि खाली तलवारीचं चित्र काढलं. मी म्हटलं, राजाभाऊ, तुम्ही टेम्पोवाला व्हा की, पुस्तक बाजूला ठेवलंय ना.

"दिवसभर टेम्पोच चालवतो, रविवारीपण तेच करू व्हय?"

"बरोबर हाय त्याचं," नलूताई म्हणाल्या. "त्याला तलवारीची हौस हाय. हौस हाच त्याचा पाट. मार रे राजा तलवारी."

स्वतःच्या पाटावर त्यांनी लिहिलं, की आखणीवाली ज्या वस्तूवर डोळे काढील तिला दिसायला लागेल. अक्षर कापरं आलं होतं. मग थांबल्या आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. हात कापतो. प्रत्येक आखणीला फासा टाकायचा. कमी पडला तर डोळे वाकडे.

मला बरं वाटावं म्हणून नाही, त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "नलूताई, ही गोष्ट आहे. गोष्टीत हात चांगला असू शकतो."

त्या भडकल्या. "मग ती मी कशी? दुसरीच कुणी बाई झाली. मला दुसरीचा हात नको. ह्याच हातानं डोळे काढायचे हायत, इथंपण आणि तिथंपण. आणि तू फासा झाकून टाकू नको. परातीत टाक. सगळ्यांना दिसू दे."

परातीत फासा टाकायचा ठणठण आवाज मला अजून ऐकू येतो.

त्या काय काय करायच्या! पहिल्याच गोष्टीत मी एक बंद दार ठेवलं होतं. दारामागे काय आहे ते कळायला मार्ग नाही, असं मला वाटत होतं. राजाभाऊने तलवार काढली. नलूताई म्हणाल्या, थांब, मी दारावर डोळे काढते. फासा चांगला पडला. मग त्यांनी दाराला विचारलं, मागं कोण हाय?

"दार बोलणार कसं?" मी म्हटलं. मला वाटलं, सापडल्या.

"मी डोळे काढलेत, तोंड काढलंय का? बोलायला नको. आत माणसं असतील तर उजवीकडं बघ, जनावर असंल तर डावीकडं."

दाराला डावीकडे बघावं लागलं. मी आत दडवलेल्या लांडग्याची सगळी मजा गेली. सगुणाने दाराच्या फटीतून मीठ सोडलं, लांडगा शिंकून शिंकून बेजार झाला, आणि राजाभाऊला एकदा तरी तलवार मारू द्या म्हणून मला मधे पडावं लागलं.

दुसऱ्या एका रविवारी त्यांनी होडीवर डोळे काढले. गोष्टीत धुकं होतं आणि आम्हाला खाडीतून बंदर गाठायचं होतं. फासा परातीत पडला तो अगदीच कमी. डोळे वाकडे. मी जाहीर केलं, एक डोळा बंदराकडे बघतोय, दुसरा भलतीकडेच, कुठे ते कुणाला माहीत नाही. आता होडी भरकटणार, अशी माझी तयारी होती.

"वाकडा डोळा कुठं बघतोय, तिकडं चला," नलूताई म्हणाल्या.

"तिकडे काही नाही, नलूताई."

"तुला दिसत नाय म्हणून काय नाय व्हय? त्याला दिसतंय ना. सगुणे, वल्हव."

माझ्या तयारीत तिकडे खरंच काही नव्हतं. मला तिथल्या तिथे एक बेट रचावं लागलं, त्यावर सोडून दिलेली मिठागरं, त्यांच्यात राहणारी माणसं. त्यातली निम्मी सगुणानेच सांगितली, माहेरच्या आठवणींतून. ती गोष्ट पुढे कित्येक रविवार चालली. बंदराला आम्ही शेवटपर्यंत पोचलो नाही, आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

मग कोलाडचं झालं.

कोलाडला नदीकाठच्या एका रिसॉर्टवर असले खेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरणार होता. मुंबईची, पुण्याची मुलं येणार होती. मीच उत्साहाने आमची नावं दिली. राजाभाऊने टेम्पो धुतला, हार घातला, मागे आमचे पाट दोरीने बांधले. नलूताई ठेवणीतली साडी नेसल्या. अंबाड्यात ब्रश होताच.

तिथे पाट चालणार नव्हते. आमच्या टेबलावर गोष्ट सांगणारा एक दाढीवाला, गोड बोलणारा मुलगा होता. त्याने सांगितलं, सगळ्या टेबलांवर एकच गोष्ट आणि पात्रं आधीच ठरलेली. छापील कागद वाटले. राजाभाऊला योद्धा मिळाला आणि तो खूश झाला. नलूताईंकडे बघून मुलगा हसला आणि त्यांना उपचार करणारीचा कागद दिला. "काकू, हे सोपं आहे. तुम्ही मागे राहायचं आणि सगळ्यांना बरं करायचं."

मी डोळे मिटून घेतले. पण नलूताई भडकल्या नाहीत. कागद वाचून घेतला, माझ्याकडून एकदा समजून घेतला आणि गप्प बसल्या. ते जास्त भीतिदायक होतं.

गोष्टीत पूल आला. पुलावर दगडी राखणदार उभा, कुणाला जाऊ देईना. त्याच्या छातीवर मोठा तडा गेलेला. तडा हीच त्याची कमजोर जागा, तिथे वार करायचे, हे न सांगता कळत होतं. राजाभाऊने वार केले. राखणदाराने त्याला उचलून आपटला. सगुणाला पुलाखाली भिरकावलं. नलूताईंची पाळी आली. मुलगा म्हणाला, "काकू, यांना बरं करा."

"त्यांना राहू दे थोडा वेळ तसंच. मी राखणदाराची चीर बुजवते."

"म्हणजे?"

"जखम भरायचं काम हाय ना माझं? कुणाची भरायची, ते कागदावर कुठं लिहिलंय? इतकी वर्षं छातीला तडा घेऊन उभा हाय तो. जो येतो तो तिथंच मारतो. मी असते तर मीपण कुणाला पुढं सोडलं नसतं."

टेबलाभोवती दुसऱ्या टेबलांवरची दोन-चार मुलं गोळा झाली होती. दाढीवाल्याने घाईघाईने पुस्तक चाळलं. "काकू, आयडिया मस्त आहे, पण नियमात लिहिलंय, फक्त जिवंत असलेल्यांनाच बरं करता येतं. ही मूर्ती आहे."

नलूताईंनी चष्मा काढला. "मूर्ती जिवंत नसते, हे तू पेणच्या माणसाला सांगतोस?"

मुलं हसली. तोही हसला, पण त्याने नियम सोडला नाही. सगळ्या टेबलांना सारखं पाहिजे, म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. नलूताईंनी मग दुसरं काही करायला नकार दिला. "माझी पाळी चीर बुजवण्यात गेली असं लिही." राखणदाराने आम्हा सगळ्यांना नदीत टाकलं आणि आमचं टेबल सगळ्यांत आधी बाद झालं.

उठताना त्या मुलाला म्हणाल्या, "तुझं बरोबर असंल बाबा. पण तुझा राखणदार अजून फुटकाच उभा हाय."

चहाच्या वेळी तो शोधत आला. "काकू, खरंच चीर बुजवू दिली असती तर पुढे काय झालं असतं?"

"मला काय म्हाईत? खेळू दिलं असतंस तर दोघांनाबी कळलं असतं."

परतताना हायवेच्या कडेला भजी खायला थांबलो. राजाभाऊ आपण कसे वार केले ते सगुणाला सांगत होता आणि ती त्याला कसा आपटला त्याची आठवण करून देत होती. तेवढ्यात महेशचा फोन आला. नलूताईंना फोन कानाशी धरणं जमायचं नाही, त्या तो टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलायच्या, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"आई, हमरापूरच्या कारागिराशी बोललो. या हंगामाला आखणीला तो येईल. तू आता गल्ल्यावर बस, पंख्याखाली. मागे राहून नुसतं लक्ष ठेव."

नलूताईंनी हातातलं भजं खाली ठेवलं. "महेश, तूपण मला छापील कागदच दिलास रे."

"कसला कागद?"

"घरी आल्यावर सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जे भांडण झालं ते वरून मी शब्द न् शब्द ऐकलं. मी मीटिंगमध्ये होते आणि माझा माइक चालू राहिला होता, त्यामुळे माझ्या ऑफिसनेही थोडं ऐकलं.

महेश ओरडत नव्हता, हे वाईट होतं. "आई, तो लोकांचा देव आहे. वर्षातून एकदा येतो त्यांच्या घरी. तुझ्या हट्टापायी त्यांनी दहा दिवस तिरक्या डोळ्यांकडे बघत आरती म्हणायची का? रोह्याच्या लोकांनी पाट टाकला आपल्याकडे. बापूंच्या वेळेपासूनचं घर होतं ते."

"आठवतंय मला. त्याच पाटावर खेळते मी."

"तुला त्रास होऊ नये म्हणून सांगतोय."

"मला त्रास हाताचा नाय होत. हात कापतो, कापू दे, त्याला वय झालं. मला त्रास तू 'बस' म्हणतोस त्याचा होतो. मी कोण, ते तू ठरवून मोकळा झालास. आखणीवाली होते, आता गल्लेवाली. विचारलंस मला?"

खाली कुणीतरी पॉलिश पेपर घासायला घेतला. मग नलूताईच बोलल्या, आणि आवाज उतरला होता. "गिऱ्हाइकाच्या मूर्तीला मी हात लावणार नाय. तुझं म्हणणं खरं हाय, लोकांचा देव हाय. पण मागच्या भिंतीचे पाट कुणाचे नायत. ते माझे. त्यांच्यावर मूर्ती बसव, त्यांची आखणी मी करीन. कुणी नेली तर नेली, नाय नेली तर मी स्वतः विसर्जन करीन. आणि गल्ल्यावर तू बस. तुला आवड हाय."

महेशने त्यांचं सगळं ऐकलं, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. हमरापूरचा कारागीर आला, सज्जन माणूस होता, नलूताईंना नमस्कार करून कामाला बसला. गल्ल्यावर महेश बसला. आणि बेवारस पाटांवर मूर्ती बसल्या.

त्या वेळी मी मीटिंगा चुकवून जिन्यात बसायचे. आखणी करताना बाकीचे कारागीर मनगटाखाली काठीचा आधार घेतात. नलूताईंनी तो घेऊन बघितला आणि टाकून दिला. ब्रश भरून घ्यायचा, मूर्तीसमोर धरायचा, आणि हात कापत असताना नुसतं थांबायचं. कापता कापता हात कधीतरी योग्य जागी यायचा, तेवढ्यात टेकवायचा. कधी जमायचं. कधी नाही. पुसून पुन्हा काढायच्या नाहीत.

रोह्याच्या पाटावरच्या मूर्तीचा उजवा डोळा असा उतरला की हमरापूरचा कारागीर काम सोडून बघायला उठला. डावा काढताना हात ऐन वेळी सरकला. तो डोळा जरासा बाहेर बघायला लागला. फार नाही. पण कळायचं.

महेश गल्ल्यावरून उठून आला. त्याने आईच्या अंबाड्यातला बारीक ब्रश काढला, रंगात बुडवला आणि डोळा सारखा करायला वाकला. नलूताईंनी त्याचं मनगट धरलं. त्यांचा हात इतका कापत होता की महेशचाही हात हलायला लागला.

"राहू दे. पडला तो पडला."

परातीतल्या फाशाला म्हणायच्या तसंच म्हणाल्या. महेशने ब्रश आपल्या शर्टाला पुसला आणि आईच्या अंबाड्यात परत खोचला. मला रडू आलं. कशाला लपवू?

त्याच वर्षी हिवाळ्यात नलूताई गेल्या. कशा गेल्या ते सांगायला मी बसलेली नाही. त्यांना आवडलं नसतं, आणि त्यात त्यांच्या मर्जीचं काही नव्हतं. माझ्या डोळ्यासमोर त्या शेवटच्या आहेत त्या चतुर्थीच्या आदल्या दिवसाच्या.

रोह्याच्या पाटावरची ती मूर्ती मी मागून घेतली होती. भावाला फोन करून सांगितलं, यंदा घरचा गणपती मी आणतेय. वहिनीने विचारलं, जोह्याहून? चांगली आहे ना? मी म्हटलं, आमच्या नलूताईंच्या हातची आहे. एक डोळा जरा बाजूला बघतो. कुणाला खटकलं तर मला सांगा, मी त्याच्याशी बोलते. वहिनी शहाणी आहे, तिने पुढे विचारलं नाही.

कारखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. महेश नावं पुकारत होता, माणसं पाट ओळखून मूर्ती उचलत होती. आमच्याकडे मूर्ती घरी नेताना तिच्या तोंडावर रुमाल टाकतात, आणि घरी ओवाळल्यावरच तो काढतात. महेशने माझ्या मूर्तीवर नवा रुमाल टाकला, उचलून माझ्या हातात दिली. गणपती बाप्पा मोरया झालं. राजाभाऊने टेम्पो दाराशी लावला होता, मी पुढे त्याच्या शेजारी बसले, मूर्ती मांडीवर.

"ए मास्तरीण!" नलूताई गर्दी बाजूला सारत दारापर्यंत आल्या. "काढ तो रुमाल."

"आई, रीत आहे," आतून महेश म्हणाला.

"रीत मला शिकवू नको, माझ्या हातानं जन्मभर रुमाल टाकलेत. पण ह्याचे डोळे मी झाकायला काढलेले नायत. रस्ता बघू दे त्याला."

रांगेतली माणसं बघत राहिली. एक आजोबा 'अगो असं करू नये' म्हणाले. मी रुमाल काढला आणि घडी करून राजाभाऊच्या खिशात कोंबला. तो गाडीत कधी नव्हे इतका ताठ बसला होता.

टेम्पो निघाला. उजवा डोळा समोर पेणच्या रस्त्याकडे बघत होता. डावा, तो बाहेरचा, खिडकीतून कारखान्याच्या दाराकडे. दारात नलूताई उभ्या होत्या, उजवा हात वर करून. तो हात लांबून दिसेल इतका कापत होता. आम्ही वळेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.